कडेखालची ओळ

फोनच्या स्क्रीनवर सगळ्यात खाली एखादी ओळ अर्धी कापलेली दिसली, म्हणजे अक्षरांच्या शिरोरेषा दिसताहेत आणि खालचा भाग गायब, की आपला अंगठा कुणी न सांगता वर सरकतो. खाली अजून काहीतरी आहे हे त्या कापलेल्या ओळीनंच सांगितलेलं असतं. याच्या उलट प्रसंग बघा. मजकूर एका परिच्छेदाच्या पूर्णविरामाशी, त्याखाली बोटभर पांढरी जागा सोडून, बरोबर कडेला संपलाय. प्रत्यक्षात खाली आणखी दोन परिच्छेद आहेत. पण डोळ्यांना वाटतं, झालं. अंगठा हलत नाही. आमच्या धंद्यात याला खोटा तळ म्हणतात.

मी गेली सहा वर्षं मोबाइल अ‍ॅपच्या स्क्रीन बांधते. नोकरीत नैतिक प्रश्न आलेच तर ते डेटाचोरीचे, पाळत ठेवण्याचे, असे बातमीत शोभतील असे येतील असं मला कॉलेजात वाटायचं. माझ्या टेबलावर जो आला तो असा होता: या डब्याची उंची किती ठेवायची?

प्रश्न जरा नीट मांडते. एखादी गोष्ट स्क्रीनवर लिहिलेली आहे, पण कडेखाली. ती बघायला स्क्रोल करावं लागतं. स्क्रोल करायला कुणाची मनाई नाही. वापरणाऱ्यानं ते केलं नाही. तर ती गोष्ट त्याला 'सांगितली' असं म्हणायचं का? 'आम्ही लिहिलं होतं, तुम्ही खाली गेला नाहीत' हे अ‍ॅपचं म्हणणं खरं आहे, खोटं आहे, की तिसरंच काही?

उंची ठरते कशी ते आधी सांगायला हवं, कारण गडबड तिथूनच सुरू होते. स्क्रीनवरचा प्रत्येक घटक दुसऱ्या कुठल्यातरी घटकाच्या पोटात असतो. बाहेरचा आतल्याला सांगतो, 'तुला जास्तीत जास्त एवढी जागा मिळेल.' आतला स्वतःला मोजून परत सांगतो, 'मला इतकी लागली.' अँड्रॉइड असो नाहीतर फ्लटर, शब्द वेगळे, व्यवहार साधारण हाच. घरात पाहुणे आले की अंथरुणं घालतात तसा: खोली एवढी, त्यात गाद्या एवढ्या, आता कोण किती पाय पसरणार ते सांगा.

स्क्रोल होणारा डबा या व्यवहारातला अपवाद. तो आतल्या मजकुराला म्हणतो, 'उंचीचं बंधन नाही, हवा तेवढा हो.' अँड्रॉइडमध्ये या निरोपाचं नावच 'अनस्पेसिफाइड' आहे. फ्लटरमध्ये कमाल उंचीच्या जागी चक्क अनंत जातं. डबा स्वतः मात्र त्याला बाहेरून मिळालेल्या जागेतच राहतो. म्हणजे एकाच वस्तूला दोन उंच्या, मजकुराची एक आणि खिडकीची दुसरी. (अशा एका डब्याच्या पोटात तसाच दुसरा ठेवला, तर बाहेरचा म्हणतो 'हवा तेवढा हो', आतला म्हणतो 'मला तर दिलेली सगळी जागा भरायची सवय आहे', आणि अनंत काही भरता येत नाही म्हणून फ्लटर एरर फेकतं. ही एरर आयुष्यात एकदाही न बघितलेला फ्लटर डेव्हलपर मला अजून भेटायचाय.)

मला यात एक विचित्र वाटणी दिसते. लिहिणाऱ्याला अमर्याद जागा, वाचणाऱ्याला खिडकी. कागदावर अशी वाटणी नव्हती. करारात चार कलमं वाढली तर कागद वाढायचा, आणि कागद वाढला की हाताला कळायचं. चाळीस पानी करार चार पानांसारखा दिसू शकत नाही. वकिलांनी अक्षरं बारीक करून पाहिली, पण बारीक अक्षरं दिसतात तरी. 'इथं काहीतरी बारीक लिहिलंय, कुणाला तरी विचारलं पाहिजे' एवढं अंगठा उठवणाऱ्या माणसालाही कळत होतं. कडेखालचा मजकूर बारीक नसतो. बघणाऱ्यापुरता तो नसतोच.

स्क्रोलबार असतो की, असं कुणी म्हणेल. कॉम्प्युटरवर तो पूर्वी कायम उजव्या बाजूला उभा असायचा, आणि त्याच्या लांबीवरून पुढे किती उरलंय याचा अंदाज यायचा. पुस्तकात उजव्या अंगठ्याखाली किती पानं उरली हे कळतं, साधारण तसं. २०११ साली अ‍ॅपलनं मॅकच्या लायन आवृत्तीत तो लपवायला सुरुवात केली. फोनवर तर तो बहुतेक ठिकाणी स्क्रोल करतानाच क्षणभर उमटतो आणि विरून जातो. म्हणजे खाली काही आहे का हे कळायला आधी खाली जायला सुरुवात करायला हवी. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात एक कोडं आहे: जे तुला ठाऊकच नाही ते शोधायला तू निघणार कसा? अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो पेच आम्ही बारा पिक्सेलच्या पट्टीत आणून ठेवलाय.

स्क्रोल आणि नैतिकता हे दोन शब्द एकत्र आले की लोकांना अनंत स्क्रोल आठवतो. तो बनवल्याचं श्रेय ज्याला दिलं जातं त्या एझा रॅस्किननं पुढे त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली, त्यावर माहितीपट झाले, लेख झाले. त्यात मी नवीन काय सांगणार. मला छळणारी गोष्ट उलटी आहे. इथं मजकुराला शेवट आहे, तो चांगला जवळ आहे, अंगठाभर अंतरावर. पण स्क्रीन असा आभास करते की शेवट आधीच होऊन गेला.

*

माझी आत्या कराडला असते. पापड, कुरडया, सांडगे करून विकते. उन्हाळ्यात तिच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. गेल्या वर्षी तिला पापडाचं मशीन घ्यायचं होतं म्हणून तिनं एका अ‍ॅपवरून चाळीस हजारांचं कर्ज घेतलं. खात्यात जमा झाले ३७,९२१ रुपये. तिचा मला फोन.

"अगं, दोन हजार कमी आलेत. तुमच्या त्या कॉम्प्युटरनं खाल्ले की काय?"

"आत्या, प्रोसेसिंग फी कापली असेल. लिहिलेलं असतं गं त्यात."

"कुठं लिहिलेलं असतं? मी सगळं वाचलं. मराठीत करून घेतलं होतं मी. शेवटपर्यंत वाचलं आणि मग बटण दाबलं."

दिवाळीत गेले तेव्हा तिच्या फोनवर ती स्क्रीन काढून बघितली. अ‍ॅपनं तिला दुसरं कर्ज देऊ केलंच होतं, त्यामुळे सापडायला वेळ लागला नाही. मंजूर रक्कम. मासिक हप्ता. मुदत. हप्त्याची तारीख. त्याखाली थोडी मोकळी जागा. आणि त्याखाली, स्क्रीनच्या तळाशी खिळवलेलं हिरवंगार बटण: 'मान्य आहे, पुढे जा'. मी मजकूर वर सरकवला. बटणाच्या मागून हळूच वर आलं: प्रक्रिया शुल्क, त्यावरचा जीएसटी, विम्याचा हप्ता, आणि हातात येणारी रक्कम. पहिल्या कर्जाला याच ओळींमध्ये १,०००, १८० आणि ८९९ रुपये गेले होते. व्याज अर्थातच पूर्ण चाळीस हजारांवर.

आत्या माझ्या खांद्यावरून बघत होती. "हे तेव्हा नव्हतं," ती म्हणाली.

होतं. पण ती खोटंही बोलत नव्हती.

पुण्याला परत येऊन मी माझ्या फोनवर तेच अ‍ॅप टाकलं. इंग्रजीत, नेहमीच्या फाँटमध्ये. फी, जीएसटी, विमा, हातात येणारी रक्कम, सगळं बटणाच्या वर, एका नजरेत. स्क्रोल करायची गरजच नाही. कोड तोच, वाक्यं तीच. मग आत्याचं काय झालं? गणित करून बघू.

आमच्यात उंची डीपी या एककात मोजतात (व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीशी संबंध नाही). समजा स्क्रीन ७४० डीपी उंच आहे. वरची बॅटरी-नेटवर्कची पट्टी २४, शीर्षकाची पट्टी ५६, खिळवलेलं बटण आजूबाजूच्या जागेसकट ८०, त्याखालची बॅक-होमची पट्टी ४८. उरले ५३२. इंग्रजीची एक ओळ २० डीपीची धरली तर २६ ओळी बसतात. देवनागरीला जास्त उंची लागते. वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. गूगलच्या मटेरियल डिझाइननं भाषांचे गट पाडले तेव्हा हिंदीला 'उंच' गटात टाकलं होतं ते याचसाठी, आणि मराठीची लिपी तीच. तेव्हा ओळ २४ डीपीची धरा: २२ ओळी. आता फाँट दीडपट करा, आत्यानं केलाय तसा. ओळ ३६ डीपी, बसतात १४. शिवाय अक्षरं रुंदही होतात, म्हणून एका ओळीत मावणारं वाक्य दोन ओळी खातं. अँड्रॉइड १४ पासून तर फाँट २०० टक्क्यांपर्यंत मोठा करता येतो. तिथलं गणित तुम्हीच करा.

मला यातला अन्याय नेमका कुठं बोचतो ते सांगते. आपल्याला समजावं म्हणून आत्यानं दोन गोष्टी केल्या होत्या. भाषा मराठी केली आणि अक्षर मोठं केलं. म्हणजे ग्राहकानं सावध राहावं, वाचून मगच सही करावी, हे जे आपण सगळ्यांना ऐकवतो ते तिनं केलं. आणि त्या दोन्ही गोष्टींनी मिळून फीची ओळ कडेखाली ढकलली. मी काहीच न करता, वाचायची फारशी इच्छा नसताना, सगळं बघू शकत होते.

आता यात खोटं बोललं कोण? डिझायनरनं इंग्रजी मजकूर घेऊन एका आकाराच्या चौकटीत स्क्रीन काढली, त्यात फी दिसत होती. भाषांतर करणाऱ्यानं एक्सेलच्या शीटमध्ये वाक्यं मराठीत केली, त्याला स्क्रीन दिसलीच नाही. डेव्हलपरनं बटण तळाला खिळवलं, कारण आजकाल सगळेच खिळवतात. टेस्टरनं स्वतःच्या फोनवर बघितलं. हे मी अंदाजानं लिहितेय, त्या कंपनीच्या आत मी नव्हते. पण अशा स्क्रीन कशा तयार होतात ते मी रोज बघते. फसवायचा हेतू असलेला एकही माणूस या साखळीत असायची गरज नाही. तरी शेवटच्या टोकाला जो माणूस आहे त्याच्या बाबतीत परिणाम फसवणुकीचाच.

*

आपल्याकडे या प्रश्नाला एक जुनं नाव आहे, नरो वा कुंजरो वा. अश्वत्थामा मेला हे युधिष्ठिर मोठ्यानं म्हणाला, आणि मेला तो हत्ती हे हळूच. सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीत त्याच वेळी शंख वाजतो आणि उरलेलं वाक्य द्रोणाचार्यांच्या कानापर्यंत जात नाही. वाक्य पूर्ण होतं. शब्दशः खरं होतं. फक्त त्याचा दुसरा भाग ऐकू येण्याच्या कडेखाली होता. महाभारतानं यावर वाद घातला नाही. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकवला आणि पुढे गेलं.

ही गोष्ट मला लागू पडते तशी पडतही नाही. युधिष्ठिराला ठाऊक होतं की समोर द्रोण आहेत, ते कोणतं वाक्य ऐकायला थांबलेत, आणि कोणता शब्द ऐकून शस्त्र खाली ठेवतील. मला आत्या ठाऊक नसते. मी एकदा लिहिलेला कोड हजारो वेगवेगळ्या उंचीच्या फोनवर, वेगवेगळ्या फाँटमध्ये उलगडतो. माझा आवाज कुठे मोठा आणि कुठे हळू होणार हे मी तो लिहिताना ऐकत नाही. मग हेतूच नाही तर दोष कसला, असं म्हणून मोकळं व्हावं का?

मला तसं वाटत नाही, आणि कारण अगदी कारागिरीचं आहे. मला तो विशिष्ट फोन ठाऊक नसला तरी असे फोन आहेत हे ठाऊक आहे. सेटिंगमध्ये जाऊन फाँट मोठा करायला मला दहा सेकंद लागतात. भाषा बदलायला आणखी दहा. वीस सेकंदांत जे कळलं असतं ते 'मला माहीत नव्हतं' या सदरात मोडत नाही. बांधकाम करणाऱ्यानं जिना फक्त स्वतःच्या पायांनी चढून पाहिला, तर म्हातारी माणसं त्यावर घसरली यात त्याचा हेतू नव्हता हे खरंच असेल. पण आपण त्याला एवढंच विचारू की बाबा, म्हातारी माणसं असतात हे तुला कुणी सांगितलं नव्हतं का?

न्यायालयात हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत येऊन गेलाय. नेटस्केपचं स्मार्टडाउनलोड नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर होतं. वेबपानावर डाउनलोडचं बटण दिसायचं, आणि परवान्याच्या अटी वाचून मान्य करा असं सांगणारी ओळ त्या बटणाच्या खाली, पुढच्या स्क्रीनवर, स्क्रोल केलं तरच दिसायची. हे सॉफ्टवेअर आपल्या डाउनलोडची माहिती परस्पर पाठवतं असा आरोप करत काही लोक कोर्टात गेले. कंपनी म्हणाली, आमच्या अटींत लवादाचं कलम आहे, तुम्ही ते मान्य केलंय, कोर्टात येऊच शकत नाही. २००२ साली न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयानं हे फेटाळलं. निकाल सोनिया सोतोमायोर यांनी लिहिला, ज्या पुढे २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मुद्दा थोडक्यात असा: खाली आणखी स्क्रीन आहे एवढ्यावरून माणूस तिथं गेला असेल असं धरता येत नाही, आणि ज्याची वाजवी सूचनाच मिळाली नाही त्याला संमती कशी देणार. तिथं तर स्क्रोलबार दिसत होता. आपल्या फोनवर तोही नाही.

आपला करार कायदा १८७२ चा आहे, फोन सोडा, मुंबईत ट्रामसुद्धा धावायची होती. त्याच्या तेराव्या कलमात संमतीची व्याख्या आहे: दोन माणसं एकाच गोष्टीला एकाच अर्थानं कबूल होतात ती संमती. आत्या चाळीस हजारांना कबूल झाली, अ‍ॅप ३७,९२१ ला. एकच गोष्ट, एकच अर्थ, यातलं काय जुळलं?

नव्या नियमांनी बरंच केलंय, हेही सांगायला हवं. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य गोष्टींचा तक्ता, आधीच द्यायला लावला. एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात तो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवा, तो समजावून सांगायला हवा असं म्हटलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं १३ डार्क पॅटर्नची यादी काढली, त्यात एक गोष्ट ठळक करून दुसरी दडवणं हेही आहे. आत्याच्या अ‍ॅपमध्ये तो तक्ता होता. मराठीत होता. पीडीएफची लिंक होती, त्याच बटणाच्या मागे, विम्याच्या ओळीच्याही खाली. नियमानं काय सांगायचं ते ठरवलं, कुठल्या भाषेत ते ठरवलं. किती उंचीवर, हे माझ्यासारख्यांवर सोडलं.

*

यावर आमच्या धंद्यातला आवडता उपाय म्हणजे माणसाला शेवटपर्यंत स्क्रोल करायला लावणं. तुम्हीही बघितलं असेल: बटण आधी राखाडी असतं, अटींच्या तळाला पोचलात की रंगीत होतं. दिसायला प्रामाणिक वाटतं. मला हा उपाय मूळ दुखण्यापेक्षा जास्त खटकतो. राखाडी बटण बघून माणूस काय करतो? अंगठ्याचा एक जोरदार फटकारा. चौदा पानं दीड सेकंदात वर जातात आणि बटण हिरवं होतं. सर्व्हरवर नोंद पडते: शेवटपर्यंत पाहिलं, खरं. ही नोंद वाचणाऱ्याच्या काहीच कामाची नाही. उद्या वाद झाला तर ती कंपनीच्या बाजूनं उभी राहील. म्हणजे सांगायची जबाबदारी घेण्याऐवजी आपण ऐकल्याचा पुरावा तेवढा तयार करून घेतला.

यातला एक जुना बग तर एखाद्या बोधकथेत शोभेल. मजकूर तळाला पोचला का हे तपासायला आपण स्क्रोलची घटना ऐकत बसतो. पण टॅबवर, मोठ्या स्क्रीनवर, सगळा मजकूर खिडकीत मावतो. मावला की स्क्रोल होत नाही. स्क्रोल झालं नाही की घटना येत नाही. बटण जन्मभर राखाडी. ज्या एकमेव माणसाला सगळ्या अटी एकदम डोळ्यांसमोर दिसताहेत, त्यालाच संमती देता येत नाही! बग सोपा आहे, एका ओळीत सुटतो. पण आपण मोजत काय होतो ते त्यातून उघडं पडतं. अंगठा हलला की नाही, एवढंच.

सध्या आम्ही एका पतसंस्थेसाठी अ‍ॅप करतोय. कर्जाच्या स्क्रीनवर मी हा विषय काढला तेव्हा आमचा प्रॉडक्ट मॅनेजर, जो माझा चांगला मित्र आहे, म्हणाला, "अगं, हीच माणसं रील्स दोन-दोन तास स्क्रोल करतात. इथं एकदा अंगठा हलवायला काय होतं?" आक्षेप वरवरचा नाही. अंगठा तोच आहे, हे खरं. पण रील्समध्ये पुढे काहीतरी आहे हे आधीपासून कबूल असतं, स्क्रोल करणं हाच तिथला कार्यक्रम. फॉर्ममध्ये माणूस काम संपवायला आलेला असतो आणि संपल्याची खूण शोधत असतो. मोकळी जागा आणि खाली बटण, याहून स्पष्ट खूण कोणती? आपणच ती खूण दिली आणि वर म्हणायचं की तू तिच्यावर विश्वास का ठेवलास.

त्याचा दुसरा आक्षेप मला जास्त अडचणीचा वाटला. सगळंच वर कसं आणणार? काहीतरी खाली जाणारच. जे खाली गेलं ते लपवलं म्हणायचं, तर सगळ्याच स्क्रीन गुन्हेगार ठरतील. बरोबर आहे. म्हणून मी स्वतःपुरती एक चाचणी धरली आहे. खालचा मजकूर वाचल्यावर वरच्या मजकुराचा अर्थ बदलतो का? हप्ता ऑटो-डेबिटनं कोणत्या बँकेतून जाईल, तक्रार कुठे करायची, हे खाली असलं तरी वर वाचलेलं खरंच राहतं. पण 'मंजूर रक्कम चाळीस हजार' या ओळीचा अर्थ 'हातात ३७,९२१' वाचल्यावर तोच राहत नाही. अशी ओळ आधीच्या ओळीपासून तोडता येणार नाही, मग फोन कुठलाही असो. हत्ती हा शब्द ज्या वाक्यात आहे त्याच वाक्यात, त्याच आवाजात. चाचणी कच्ची आहे हे मला कळतं. बारकाईनं बघितलं तर कुठलंही कलम कुठल्याही कलमाचा अर्थ थोडाफार बदलतंच. पण 'थोडाफार' आणि 'दोन हजार एकोणऐंशी रुपये' यातला फरक ओळखायला तत्त्वज्ञान लागत नाही.

आमच्या स्क्रीनवर आता सगळ्यात वर हातात येणारी रक्कम आहे, मोठ्या अक्षरात. त्याखाली मंजूर रक्कम, आणि मधलं अंतर कशात गेलं ते. हे मंजूर व्हायला दोन मीटिंग लागल्या, कारण चाळीस हजार हा आकडा ३७,९२१ पेक्षा आकर्षक दिसतो आणि पतसंस्थेच्या संचालकांनाही ते कळतं. पाच इंचांचा एक जुना फोन टेबलावर ठेवलाय, त्यात मराठी आणि सगळ्यात मोठा फाँट. कुठलीही स्क्रीन आधी त्यावर उघडायची.

आणि तिथंच आम्ही अडकलोय. त्या फोनवर २०० टक्के फाँटमध्ये रक्कम, कपाती आणि खिळवलेलं बटण, तिन्ही मिळून मावतच नाहीत. माझं म्हणणं, बटण खिळवू नका. ते मजकुराच्या शेवटी ठेवा, मजकुराबरोबर सरकू द्या. जो शेवटापर्यंत पोचला नाही त्याच्याकडून कर्जाला हो म्हटलं गेलं नाही, बस. यात कुणाचं काय बिघडलं?

"बिघडलं ना," मित्र म्हणाला. "एखाद्या बाईला उद्या सकाळी दवाखान्यात पैसे भरायचेत. ती स्क्रीन बघतेय, बटण कुठे दिसत नाही. तिला वाटलं, आपल्याला कर्ज मिळालं नाही. तिला तुझ्या त्या खोट्या तळानंच फसवलं की. आता फक्त पैसे आमचे वाचले."

मी त्या जुन्या फोनवर दोन्ही प्रकार चालवून बघितले. बटण शेवटी ठेवून, ओळींमधली जागा बदलत बदलत, कडेला एक ओळ नेहमी अर्धी कापलेली राहील असं काहीतरी जमतंय का ते पाहतेय. चार आकारांच्या फोनवर जमलं. पाचव्यावर 'हातात येणारी रक्कम' या ओळीचीच वेलांटी कापली जाते. शुक्रवारी पुन्हा मीटिंग आहे.